कराओकेच्या डिस्कची एक कॉपी घरी करून ठेवली तर गुन्हा होतो का?

मागच्या वेळी जुन्या कॅसेटींबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावरून कराओकेवाल्या मंडळींची एवढी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यांनाच दिलंय. गाण्याचा नाद असलेल्या वडलांच्या घरात वाढलेय, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता कायद्याचा नाही.

प्रश्न : ताई नमस्कार, मी लालबागला राहतो, बँकेतून रिटायर होऊन आठ वर्षं झाली. गाण्याची आवड लहानपणापासून पण पेटीवाला तबलजी रोज कुठून आणणार, म्हणून २००३ पासून कराओकेच्या डिस्क घेत गेलो. आज ८४ आहेत, काही सीडी ज्यात टीव्हीवर नुसते शब्द येतात आणि बाकीच्या व्हीसीडी. सगळ्या पैसे मोजून घेतलेल्या, बऱ्याचशा काळा घोड्याच्या रिदम हाऊसमधून, ते दुकान पण २०१६ ला बंद झालं. या पावसाळ्यानंतर कपाट उघडलं तर नऊ डिस्कवर बुरशी, दोन तर मशीन घेतच नाही. पुतण्या म्हणतो काका सगळ्या लॅपटॉपवर उतरवून घेऊ, सूनबाई म्हणते कॉपी करणं गुन्हा आहे, कव्हरवरच छापलंय. कोणाचं खरं? आणि पुतण्याने एक सीडी करून बघितली तर गाणं वाजतं पण शब्द येत नाहीत, कंपनीने लॉक टाकलंय का?

— लालबागचे एक वाचक

उत्तर : काका, आधी सरळ उत्तर देते. स्वतः विकत घेतलेल्या डिस्कची एक कॉपी स्वतःच्या वापरासाठी स्वतःच्या घरात करून ठेवणं आपल्या कायद्यात बसतं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ते का बसतं हे नीट समजून घ्या, कारण यातलं कारण बहुतेक लोक चुकीचं सांगतात आणि मग त्याच चुकीच्या कारणाच्या जोरावर नको तिथे कॉपी वाटत फिरतात.

लोक सांगतात की कायद्यानेच बॅकअपचा हक्क दिलाय. दिलाय खरा, पण कशाचा? कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याच्या कलम ५२ मध्ये काय काय केलं तर उल्लंघन होत नाही त्याची भली मोठी यादी आहे, तिच्यात बॅकअप हा शब्द येतो तो कॉम्प्युटर प्रोग्रामसाठी. म्हणजे तुम्ही एखादं सॉफ्टवेअर घेतलंत तर हरवू नये, खराब होऊ नये म्हणून त्याची एक प्रत ठेवू शकता. तुमची डिस्क म्हणजे प्रोग्राम नाही, ते गाणं आहे, त्यामुळे त्या पोटकलमाचा तुम्हाला काही उपयोग नाही, आणि उद्या कोणी विचारलं आणि तुम्ही तेच पुढे केलंत तर तुमची बाजू पहिल्याच वाक्याला पडेल.

तुम्हाला धरायचंय ते त्याच्याआधीचं, म्हणजे पोटकलम ए. त्यात म्हटलंय की खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठी केलेलं फेअर डीलिंग, म्हणजे रास्त वापर, हे उल्लंघन नाही. आता गंमत बघा, २०१२ पर्यंत हे पोटकलम फक्त साहित्य, नाटक, संगीतरचना आणि चित्रं यांच्यापुरतं होतं, रेकॉर्डिंग आणि फिल्म त्यात नव्हत्याच. म्हणजे तुम्ही एखाद्या पुस्तकाची दोन पानं उतरवून घेतलीत तर चालत होतं पण सीडी उतरवलीत तर कायद्याकडे तुमच्यासाठी शब्दच नव्हता. २०१२ च्या दुरुस्तीने, जी त्या वर्षी २१ जूनला लागू झाली, तिथे 'कुठलंही काम, फक्त कॉम्प्युटर प्रोग्राम सोडून' असं केलं, आणि खाली खुलासा घातला की या कारणांसाठी इलेक्ट्रॉनिक साधनात साठवून ठेवणं हेही उल्लंघन नाही. तुमच्या पुतण्याचा लॅपटॉप म्हणजे तेच इलेक्ट्रॉनिक साधन. तेव्हा तुमच्या सूनबाईचं २००३ साली बरोबर होतं आणि पुतण्याचं आज बरोबर आहे, घरात भांडण नको. कव्हरवर जे छापलेलं असतं ते परवानगीशिवायच्या कॉपीबद्दल असतं, आणि कायद्यानेच जे उल्लंघन नाही म्हटलंय ते कव्हरवरच्या दोन ओळींनी गुन्हा होत नाही.

पण 'रास्त' हा शब्द विसरू नका, सगळा भार त्याच्यावर आहे. कराओकेच्या एका डिस्कमध्ये किती जणांचा हक्क असतो बघा. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, आणि ज्या वादकांना बसवून तो ट्रॅक पुन्हा वाजवून घेतला त्या रेकॉर्डिंगचा हक्क ट्रॅक काढणाऱ्या कंपनीचा, व्हीसीडी असेल तर मागे चालणारा व्हिडिओ वेगळा. आपल्याला वाटतं जुन्या गाण्यातून नुसता आवाज पुसून टाकलाय, पण चांगल्या ट्रॅकमध्ये कोणीतरी खरोखर अॅकॉर्डियन वाजवलेलं असतं, मेंडोलिनचा तुकडा कान देऊन बसवलेला असतो. डिस्कच्या किमतीत तुम्ही त्यांना त्यांचा वाटा दिलात, आणि म्हणूनच तीच डिस्क टिकवण्यासाठी तुम्ही केलेली कॉपी मला रास्त वाटते. तुम्ही कोणाची एक विक्री कमी केली नाहीत, जे घेतलंय तेच वाचवताय. यातून पुढचं सगळं आपोआप येतं. मूळ डिस्क आणि कव्हर टाकायचं नाही, ती वाचली जात नसली तरी ठेवायची, बिल असेल तर कव्हरमध्येच घालून ठेवा. उद्या मूळ डिस्क कोणाला विकलीत किंवा देऊन टाकलीत तर कॉपी पुसायची, कारण मग ती कॉपी कशाचीच राखण करत नाही. आणि आठ-दहा कॉप्या नकोत, एक लॅपटॉपवर आणि फार तर एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, एवढं पुरे.

आता शब्द का येत नाहीत. काका, ते लॉक नाहीये. तुमची ती सीडी 'सीडीजी' जातीची आहे, सीडी प्लस ग्राफिक्स. साध्या ऑडिओ सीडीत आवाजाच्या डेटाबरोबर एक छोटी कडेची पट्टी असते, सबकोड म्हणतात, त्यातली बरीचशी जागा साध्या सीडीत रिकामी जाते. कराओकेवाल्यांनी त्या रिकाम्या जागेत चित्र भरलं, सेकंदाला ३०० छोटी पाकिटं, ३०० बाय २१६ ठिपक्यांचं चित्र आणि एका वेळी जास्तीत जास्त १६ रंग, म्हणूनच ती अक्षरं तशी जाडीभरडी दिसतात. लॅपटॉपचं साधं कॉपी करणारं सॉफ्टवेअर फक्त आवाज उचलतं, कडेची पट्टी तिथेच राहते. सगळे ड्राइव्ह पण ती पट्टी वाचत नाहीत. पुतण्याला सांगा की सबकोडसकट उचलणारं सॉफ्टवेअर बघ, मग प्रत्येक गाण्याच्या दोन फाइली होतात, एक एमपी३ आणि एक सीडीजी, दोघींचं नाव तेच ठेवायचं आणि एकाच फोल्डरमध्ये, वेगळ्या केल्या की शब्द पुन्हा गायब. व्हीसीडीचं सोपं आहे, आत एक फोल्डर असतो त्यात डॅट फाइली असतात, त्या सरळ लॅपटॉपवर ओढून घ्या, बहुतेक प्लेयर वाजवतात. व्हीसीडीत कित्येकदा एका बाजूला नुसतं संगीत आणि दुसऱ्या बाजूला गायकाचा आवाज असतो, तेव्हा आवाज ऐकू आला तर ट्रॅक बिघडला असं समजू नका, डावं-उजवं बदलून बघा.

खरंखुरं लॉक असतं ते डीव्हीडीत. त्याच्यासाठी २०१२ लाच कलम ६५ए आलं, लॉक तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण त्या कलमात 'हक्काचं उल्लंघन करण्याच्या हेतूने' असे शब्द आहेत, आणि कायद्याने मना न केलेल्या कामासाठी लॉक काढलं तर ते कलम लागत नाही. मात्र असं लॉक दुसऱ्याला काढून देणाऱ्याने, म्हणजे उदाहरणार्थ दुकानदाराने, कोणासाठी काढलं, त्याचं नाव, पत्ता, कारण याची पूर्ण नोंद ठेवायची असते. अशी वही ठेवणारं एकही दुकान मी आजवर पाहिलेलं नाही.

दुकानावरून आठवलं म्हणून सांगते. माझ्या बाबांच्या वीस डिस्क मी एका दुकानात कॉपीला दिल्या होत्या, वेळ नव्हता म्हणून. आठ दिवसांनी परत आणल्या तर कॉपीत शब्द नाहीत, आणि मूळच्या तीन डिस्कच्या जागी कव्हरात हाताने नाव लिहिलेल्या कोऱ्या जातीच्या डिस्क. बाबा काही बोलले नाहीत, नुसतं कव्हर उघडून बघत बसले, त्यातली एक त्यांनी पहिल्या पेन्शनमधून घेतलेली. मला ते अजून लागतं. तेव्हा दुकानात देऊ नका. कायद्याच्या बाजूनेही घरातल्या माणसाने घरात केलेली कॉपी आणि पैसे घेऊन धंदा म्हणून करून दिलेली कॉपी यात फरक पडतो, पहिल्याला खासगी म्हणता येतं, दुसऱ्यासाठी मी वकील म्हणून उभी राहायला दहा वेळा विचार करेन.

बुरशीच्या नऊ डिस्क मऊ सुती फडक्याने पुसा, मधून कडेकडे सरळ, गोल गोल फिरवत नाही, कारण गोल ओरखडा वाचण्याच्या रेषेतच पडतो. आणि सीडीची छापील बाजू जास्त नाजूक असते, लोक नेमकं उलटं समजतात. चकचकीत बाजूला प्लास्टिकची जाडी आहे, छापील बाजूला अॅल्युमिनियमच्या थरावर नुसतं लॅकर आणि शाई, तिकडे खरवडलं की डेटाच जातो. ज्या वाचल्या जाताहेत त्या आधी उतरवून घ्या, पुढच्या पावसाळ्याची वाट बघू नका.

प्रश्न : ताई, मुलुंडच्या आमच्या सोसायटीत दर रविवारी संध्याकाळी हॉलमध्ये आम्ही बायका कराओके करतो, पैसे नाहीत काही नाहीत, चहा ज्याचा त्याचा. डिस्क माझ्याच आहेत. मूळ डिस्क खराब होऊ नयेत म्हणून मी कॉपी घेऊन जाते, मूळच्या कपाटात. सेक्रेटरी म्हणाले हॉलमध्ये गाणी वाजवली तर लायसन्स लागतं. आणि सगळ्याजणी ट्रॅक व्हॉट्सअॅपवर मागतात, देऊ का?

— मुलुंडच्या एक वाचक

उत्तर : सेक्रेटरींना सांगा की कलम ५२ मध्येच पोटकलम के म्हणून आहे. राहत्या इमारतीतल्या रहिवाशांच्या सामाईक हॉलमध्ये, मुख्यतः रहिवाशांच्याच सोयीसाठी, रेकॉर्डिंग ऐकवलं तर ते उल्लंघन नाही, फक्त ते हॉटेल किंवा तसलं धंद्याचं ठिकाण नको. आणि त्याच्या पुढचं पोटकलम एल, हौशी मंडळाने पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांसमोर गायलं तर त्यालाही मोकळीक आहे. तुमचा रविवार या दोन्हीत छान बसतो. बाहेरच्यांना हॉल भाड्याने देऊन त्यांनी कराओके केलं तर मात्र हे कलम त्यांना कामाचं नाही. आणखी एक, कलमातला शब्द रेकॉर्डिंग 'ऐकवणं' असा आहे, पडद्यावर दाखवण्याबद्दल ते काही म्हणत नाही, म्हणून व्हीसीडीचा व्हिडिओ भिंतीएवढ्या प्रोजेक्टरवर लावण्यापेक्षा गाणारीसमोर छोटा टीव्ही ठेवा.

पण डिस्कचं तुमचं उलटं होतंय, आणि तुमचंच नाही, सगळेच असं करतात. मूळ जपायची म्हणून घरात ठेवायची आणि कॉपी बाहेर न्यायची, ऐकायला अगदी समंजस वाटतं. पण तुमच्या कॉपीला कायद्याने जी जागा दिलीय ती खासगी वापराची. तुम्ही स्वयंपाक करताना ती लावा, सकाळी रियाजाला लावा, मुलीबरोबर गा, मूळची डिस्क कपाटात आराम करू दे. हॉलमध्ये चाळीस जणींसमोर जाताना मात्र मूळ डिस्क न्या, कारण हॉलला मोकळीक आहे ती वेगळ्या पोटकलमाने, आणि तिथे तुमच्या हातात विकत घेतलेली वस्तू असावी. घरात कॉपी, बाहेर मूळ, असं लक्षात ठेवा. ओरखडा पडायची भीती आहेच, पण पडला तर घरी कॉपी आहे की, ती त्यासाठीच केलीय.

व्हॉट्सअॅपवर नका देऊ. ग्रुपवर टाकलं की ती खासगी कॉपी राहतच नाही, सगळ्यांना उपलब्ध करून देणं झालं, आणि त्यांनी पुढे कुठे पाठवलं ते तुमच्या हातात नाही. मैत्रिणीला हवीच असेल तर डिस्क उसनी द्या, चार दिवस गाऊन परत करेल. पैसे न घेता उसनी देण्यात धंदा नाही, एका वेळी एकीच्याच घरी ती वाजणार. हा फरक लोकांना कंजूषपणा वाटतो, मला नाही वाटत.

प्रश्न : मॅडम आमचा १४ जणांचा ग्रुप आहे, पार्ल्यात महिन्यातून एकदा छोटा हॉल घेतो, प्रत्येकी ६०० रुपये काढतो, ऐकायला येणाऱ्यांना फुकट. आता एक ओळखीचे म्हणतात की मोठं थिएटर घेऊ, २०० चं तिकीट लावू, साउंडवाला त्यांचाच. ते गाण्यामागे पण पैसे घेणार. आमचे सगळे ट्रॅक विकत घेतलेले आहेत, बॅकअप पण आहे, मग अजून काय लागतं?

— विलेपार्ल्याचे एक वाचक

उत्तर : तुम्ही ट्रॅक विकत घेतलात म्हणजे तो घरी वाजवायचा आणि गायचा हक्क घेतलात, तिकीट लावून लोकांसमोर वाजवायचा नाही, आणि बॅकअप असण्या-नसण्याचा याच्याशी काहीही संबंध नाही. हे दोन प्रश्न लोक एकात एक कालवतात.

आत्ता तुम्ही जे करताय ते, वर मुलुंडच्या ताईंना सांगितलं त्याच दोन पोटकलमांत मांडता येतं, कारण पोटकलम के राहत्या इमारतीच्या हॉलखेरीज नफ्यासाठी नसलेल्या मंडळाच्या उपक्रमालाही लागतं, फक्त ६०० रुपये हॉल आणि साउंडलाच गेले याचा हिशोब एका वहीत ठेवा आणि वर उरले तर पुढच्या महिन्याला वळवा, कोणाच्या खिशात नको. ज्या दिवशी तिकीट लागलं किंवा आयोजक गाण्यामागे पैसे घ्यायला लागला त्या दिवशी तो धंदा झाला. मग शब्द आणि चालीचं लायसन्स लागेल, त्याच्यासाठी आयपीआरएस म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी आहे, १९६९ पासूनची, आपल्या मुंबईतलीच, गीतकार-संगीतकारांचे पैसे तिथून जातात. ट्रॅकच्या रेकॉर्डिंगचा हक्क त्याहून वेगळा, तो ज्या कंपनीचा असेल तिच्याकडून किंवा ती ज्या संस्थेकडून लायसन्स देते तिच्याकडून घ्यायचा. इथेच घोळ होतो, कारण मूळ गाण्याची कंपनी एक असते आणि कराओके ट्रॅक काढणारी दुसरीच, आणि आयोजक एकाची पावती दाखवून दोघांचं झालं असं सांगतो.

मुंबई हायकोर्टात याच्या आसपासचा एक मोठा खटला झालाय, टिप्स ही गाण्यांची कंपनी विरुद्ध विंक, २०१९ चा. विंक गाण्यांचं अॅप चालवत होतं, त्यांच्या बचावातला एक भाग असा होता की ग्राहक जी गाणी उतरवून ठेवतो ती त्याच्या खासगी वापरासाठी. कोर्टाने ते मानलं नाही. ग्राहकाचा वापर खासगी असला तरी पैसे घेऊन पुरवणाऱ्याला त्याच्याआड उभं राहता येत नाही. तुमचे ते ओळखीचे आणि त्यांचा साउंडवाला, दोघांनाही हे वाचायला द्या.

हे घाबरवायला नाही सांगत, पण कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कारण देऊन कमी करू शकतं. आणि सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र धरलाय. चौदा हौशी माणसांनी एका आयोजकाच्या हौसेपायी हे का अंगावर घ्यायचं. लायसन्स आयोजकाच्या नावावर, कार्यक्रमाच्या आधी, कागद हातात, मगच स्टेजवर चढा.

प्रश्न : लॅमिंग्टन रोडच्या बाजूला एकाने ५००० ट्रॅकचा पेनड्राइव्ह दिला, ७०० रुपयांत. हे ओरिजिनल असतं का? त्यात बरीच १९५०-६० ची गाणी आहेत, ती तर आता फ्री झाली ना?

— गिरगावचे एक वाचक

उत्तर : ओरिजिनल नाही. हिशोब करा, एका ट्रॅकला चौदा पैसे पडले, त्यात गीतकार, संगीतकार, वादक कोणालाच काही गेलेलं नाही. खरी डिस्क ओळखायची सोपी खूण कायद्यातच आहे, कलम ५२ए प्रमाणे रेकॉर्डिंग करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कदाराचं नाव-पत्ता आणि पहिल्यांदा प्रकाशित झाल्याचं वर्ष डिस्कवर किंवा कव्हरवर छापलेलं असावं लागतं. पेनड्राइव्हवर यातलं काय होतं? आणि याची पुढे 'खासगी बॅकअप' काढून ठेवली म्हणून ती रास्त होत नाही, ज्याची मूळ प्रतच कधी घेतली नाही त्याची राखण कसली करायची.

फ्री झालेल्या गाण्यांचं अर्धवट खरं आहे. रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं, त्यामुळे १९५५ च्या मूळ रेकॉर्डिंगची मुदत संपली. पण तुमचा कराओके ट्रॅक ते रेकॉर्डिंग नाही, तो समजा २००४ ला वाजवून घेतला असेल तर त्याचे ६० वर्षं २०६४ अखेर पुरे होतात. आणि शब्द-चालीचा हक्क माणूस गेल्यावर ६० वर्षं. गदिमा १९७७ ला गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ संपेपर्यंत आहे, गाणं किती का जुनं असेना.

प्रश्न : ताई, माझा भाऊ न्यू जर्सीत पबमध्ये कराओके लावायचं काम करतो. तो म्हणतो तिकडे डिस्क हार्डडिस्कवर टाकली तर कंपन्या केस करतात. मग आपल्याकडे कसं चालतं? आणि तो मला तिकडची एक डिस्क पाठवणार आहे, चालेल ना?

— ठाण्याच्या एक वाचक

उत्तर : भाऊ खरं सांगतोय. अमेरिकेतही बॅकअपचं जे ठरावीक कलम आहे, ११७, ते कॉम्प्युटर प्रोग्रामपुरतंच, बाकी त्यांचं सगळं फेअर यूजवर सोडलेलं. आणि तुमच्या भावाचं काम धंद्याचं आहे, घरातलं नाही, हा मोठा फरक. साउंड चॉइस नावाचा कराओकेचा ब्रँड होता, त्याच्या मालकांनी पबमध्ये हार्डडिस्कवरून ट्रॅक वाजवणाऱ्यांवर धडाधड केसेस केल्या, त्यांचा आग्रह असा की जितकी गाणी हार्डडिस्कवर तितक्या मूळ डिस्क हातात हव्यात, एकास एक. कॉपी वाजवताना पडद्यावर आमचा लोगो दिसतो म्हणून ट्रेडमार्कचा भंग, असा त्यांचा दावा होता, तो शिकागोच्या अपील कोर्टाने २०१६ मध्ये फेटाळला आणि म्हटलं की हे भांडण कॉपीराइटचं आहे, ट्रेडमार्कचं नाही. म्हणजे कॉपी करणं बरोबर ठरलं असं नाही. त्याच्या कामाचा सल्ला त्याने तिकडच्या वकिलाकडूनच घ्यावा, त्याच्या देशाचा कायदा मी इथे बसून चालवू शकत नाही.

इंग्लंडची गोष्ट तर चुटपुट लावणारी आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्यांनी घरगुती कॉपीला कायद्याने परवानगी दिली, संगीतवाले कोर्टात गेले आणि जुलै २०१५ मध्ये ती रद्दच झाली. ते वाचलं की आपलं २०१२ चं पोटकलम मला फार मोलाचं वाटतं.

तुमची डिस्क येऊ दे. स्वतःच्या खासगी घरगुती वापरासाठी एक प्रत बाहेरून आणायला आपल्या कलम ५१ मध्ये सूट आहे. एक प्रत बरं का, ग्रुपसाठी दहा नाही.

प्रश्न : माझी आई मार्चमध्ये गेली. तिच्या साठेक कराओकेच्या डिस्क आहेत, आणि तिने त्यावर गायलेली गाणी घरीच रेकॉर्ड केलेली एका हार्डडिस्कवर. आम्ही तीन भावंडं, दादरला, पुण्याला आणि नाशिकला. डिस्क कोणी घ्यायच्या, बाकीच्या दोघांनी कॉपी केली तर चालेल का, तिचा आवाज यूट्यूबवर टाकावा असं धाकटा म्हणतोय.

— दादरच्या एक वाचक

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. डिस्क या वस्तू आहेत, घरातल्या भांड्यांसारख्या त्या वारसांकडे येतात, तुम्ही तिघांनी आपापसात वाटून घ्या, वीस-वीस घ्या. ज्याच्याकडे ज्या मूळ डिस्क त्याच्याकडेच त्यांची कॉपी. एकाने सगळ्या घ्यायच्या आणि दोघांनी सगळ्यांच्या कॉप्या, हे मी सुचवणार नाही, एका डिस्कच्या पैशात तीन घरं होतात. त्यापेक्षा दिवाळीला भेटाल तेव्हा अदलाबदल करा.

आईच्या आवाजाचं वेगळं आहे. ती घरी गायली, घरच्यांसाठी रेकॉर्ड केलं, ते तिघांनीही ठेवा, माझ्या मते त्याच्याइतका खासगी वापर दुसरा कुठला नाही. यूट्यूबवर टाकलंत तर मागचा ट्रॅक ओळखून हक्कदार दावा लावू शकतो, कधी व्हिडिओच बंद होतो, आणि तिच्या आवाजाखाली असली नोटीस आलेली तुम्हाला सोसवणार नाही म्हणून टाकू नका असंच सांगेन. आणि ती हार्डडिस्क एकच आहे असं लिहिलंयत. डिस्क पुन्हा कुठेतरी मिळतील, हे नाही मिळणार. आज रात्रीच दुसऱ्या हार्डडिस्कवर उतरवा, तिसरी पुण्याला आणि चौथी नाशिकला पाठवा, आणि प्रत्येक फाइलला गाण्याचं नाव आणि ती कधी गायली ते आठवेल तसं लिहून ठेवा, तिघं एकत्र बसलात तर जास्त आठवेल.